कॅरॅव्हॅनमधील वीज आणि पाणी: कोकण किनाऱ्यावरील दीर्घ वापरानंतरचा अनुभव

कोकण किनाऱ्यावर कॅरॅव्हॅन एका जागी किती रात्री उभी राहू शकेल, हे बॅटरीपेक्षा पाण्याची टाकी ठरवते. गेल्या गणेशोत्सवानंतर गाडी हाती आल्यापासून आम्ही दोघांनी श्रीवर्धन ते वेंगुर्ले या पट्ट्यात तिच्यात राहून हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू काढले, त्यातून हे मत बनले आहे. गाडी घेऊ पाहणारे बहुतेक जण मात्र आधी बॅटरीविषयीच विचारतात, म्हणून सुरुवात विजेपासून करतो.

गाडीत १२ व्होल्टची, २०० अँपिअर-अवर क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे, म्हणजे सुमारे अडीच युनिट वीज (एक युनिट म्हणजे १००० वॉट-अवर). छपरावर २०० वॉटचे दोन सोलर पॅनेल आहेत आणि गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आहे. घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडते, पण तिची निम्म्याहून अधिक वीज रोज वापरली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, शिवाय वजनही फार असते. लिथियममधली ऐंशी टक्के वीज निर्धास्तपणे वापरता येते, त्यामुळे जादा मोजलेले पैसे मला योग्य वाटतात.

रोजच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा १२ व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या फ्रिजचा आहे. कोकणातल्या उकाड्यात तो दिवसाला ५०० ते ६०० वॉट-अवर घेतो. त्याखालोखाल दोन पंखे, जे दमट हवेमुळे रात्रभर चालू ठेवावेच लागतात. दिवे आणि पाण्याचा पंप यांचा खर्च नगण्य आहे. इन्व्हर्टरकडे मात्र नीट लक्ष द्यावे, कारण त्यावर काहीही जोडलेले नसताना तो नुसता चालू राहिला तरी पंधरा-वीस वॉट खातो, आणि चोवीस तासांचा हिशेब केला तर ही वीज दोन्ही पंख्यांच्या रात्रभराच्या खर्चाइतकी भरते. आम्ही मोबाइल आणि पंखे थेट १२ व्होल्टवर घेतले आहेत आणि इन्व्हर्टर लॅपटॉपपुरता लावतो. स्वयंपाक गॅसवर होतो. एवढ्या बॅटरीवर एअर कंडिशनर रात्रभर चालेल असे कोणी सांगत असेल, तर त्याच्याकडून वॉट आणि तासांचा हिशेब कागदावर मांडून घ्यावा.

४०० वॉटच्या पॅनेलमधून मी भर दुपारीही ३२० वॉटच्या वर आकडा क्वचितच पाहिला. पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंश तापमानाची असते, तर एप्रिलच्या उन्हात पॅनेल साठ अंशांच्या पुढे तापतो आणि प्रत्येक अंशामागे क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरते. म्हणून छप्पर आणि पॅनेल यांच्यामध्ये हवा खेळेल एवढी फट ठेवून घ्यावी. तरीही उघड्यावर दिवसाला दीड युनिट सहज मिळते आणि आमचे भागते. खरी अडचण सावलीची आहे. गाडी उन्हात लावली तर आत बसवत नाही, आणि माडाखाली किंवा सुरूच्या बनात लावली तर एका झावळीची सावलीसुद्धा पॅनेलची वीज निम्म्यावर आणते. माडाखाली गाडी लावू नये याचे आणखी एक कारण म्हणजे वरून पडणारे नारळ. यावर आम्हाला लागू पडलेला उपाय म्हणजे घडीचा १२० वॉटचा वेगळा पॅनेल आणि दहा मीटर लांबीची जाड वायर: गाडी सुरूच्या सावलीत राहते आणि पॅनेल वाळूवर उन्हात.

खाऱ्या वाऱ्याचा परिणाम जेवढा सांगितला जातो त्याहून अधिक आहे. समुद्राच्या बाजूचा पॅनेलचा एक कनेक्टर पावसाळ्यापूर्वी उघडून पाहिला, तेव्हा आतल्या तांब्यावर हिरवट थर चढला होता आणि वायरची दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतची तार काळी पडली होती. तेव्हापासून कल्हई केलेल्या तांब्याच्या तारेची वायर वापरतो आणि बॅटरीच्या टर्मिनलांवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवतो. पॅनेलवर बसणारा मिठाचा पातळ थर धुण्यासाठी गोडे पाणी खर्च करणे जिवावर येते. हिवाळ्यात मात्र पहाटे पॅनेलवर दव साचलेले असते. ऊन पडण्याआधी त्याच ओलीवर सुती फडके फिरवले की काच स्वच्छ होते. बाहेरचे दिवे वेळास, आंजर्ले यांसारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर हंगामात पूर्ण बंद ठेवावेत, कारण अंड्यांतून बाहेर पडणारी पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात आणि समुद्राची वाट चुकतात.

आता पाणी. टाकी ९० लिटरची आहे आणि जोडीला वीस लिटरचे दोन जार पिण्यासाठी. काटकसरीने दोघांना दिवसाला चाळीस लिटर लागतात. मे महिन्यात दोन वेळा अंघोळ केल्याशिवाय झोप येत नाही आणि हा आकडा साठवर जातो, म्हणजे दुसऱ्या दिवशी टाकीचा तळ दिसतो. पंपाचा नळ मिनिटाला दहा लिटर सोडतो, म्हणून आम्ही अंघोळीला शॉवर काढून बादली आणि तांब्या ठेवला; आठ तांब्यांत अंघोळ होते आणि किती पाणी गेले ते डोळ्यांना दिसते.

ज्या प्रदेशात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे एप्रिलनंतर वाड्यांवर टँकर येतात, हे कोकणाबाहेरच्या माणसाला पटत नाही. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. ते झिरपून, वाहून समुद्राला मिळते. म्हणून उन्हाळ्यात कोणत्याही गावात जाऊन टाकी भरून मागणे मला योग्य वाटत नाही. दक्षिणेकडे जाताना आम्ही चिपळूणला टाकी भरून घेतो, कारण कोयना वीजप्रकल्पाचे अवजल, म्हणजे वीज तयार झाल्यावर सोडलेले पाणी, वाशिष्ठी नदीत येत असल्यामुळे तिथे ऐन मे महिन्यातही नदी वाहती असते. गावात थांबलो तर एक-दोन कळशांवर भागवतो. आचऱ्याजवळ एका काकींनी विहीर मोकळेपणाने दाखवली, पण आमची बादली आत सोडू दिली नाही. त्यांनी स्वतःच्या कळशीने पाणी शेंदून दिले आणि भांडी विहिरीपासून दूर, माडाच्या आळ्यात घासायला सांगितली. ही शिस्त मला मनापासून पटली. आमचे सांडपाणी आम्ही वेगळ्या टाकीत साठवतो आणि परवानगी घेऊन बागेतच सोडतो. शौचालयाची कॅसेटही (मैला साठणारा, काढता येणारा डबा) कुणाच्या तरी संडासातच रिकामी करावी, खड्डा खणून नव्हे, कारण ज्या जांभ्यातून पाणी झिरपते त्यातूनच घाणही विहिरीला मिळते.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर जवळ ठेवावा, पण त्याची मर्यादा ओळखून. खाडीलगतच्या एका विहिरीचे पाणी डिसेंबरमध्ये तीनशेच्या आत होते, तेच मे महिन्यात हजाराच्या वर गेले आणि चवीला मचूळ लागले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विद्राव्य क्षार चालतात आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सवलत आहे. जंतू आहेत की नाहीत हे मात्र हा मीटर सांगत नाही, त्यामुळे आकडा कितीही चांगला आला तरी विहिरीचे पाणी आम्ही उकळूनच पितो. आरओ यंत्र बसवण्याचा सल्ला अनेकांनी दिला होता; जे यंत्र एक लिटर शुद्ध करताना त्याहून अधिक पाणी फेकून देते, ते अशा गाडीत मला अजिबात पटत नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी सामानाचा एक कप्पा काढून ५० लिटरची दुसरी टाकी बसवून घेणार आहे. तिचे वजन मागच्या चाकांच्या आसाजवळ येईल अशीच जागा निवडावी लागेल, नाहीतर घाटातल्या वळणांवर गाडी डोलते.

पावसाळ्यात सगळा हिशेब उलटतो. गाडीच्या कडेच्या ताडपत्रीवरून पहिल्या पाव तासाचे पाणी सोडून दिले की पुढचे धुण्या-भांड्यांना भरपूर मिळते, पण जुलैच्या झडीत पॅनेल दिवसभरात पाव-अर्ध्या युनिटावर येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असल्यामुळे ताजी मासळी ठेवण्यासाठी लागणारा फ्रिज तेव्हा बंद ठेवता येतो. तेवढ्याने दोन दिवस निघतात. तासभर गाडी चालवली तर डीसी-डीसी चार्जर सुमारे ४०० वॉट-अवर भरतो, पण केवळ त्यासाठी उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे मला मान्य नाही. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात वीज-पाण्याच्या सोयीसह पार्कची कल्पना आहे. आम्ही आजवर घेतलेली जोडणी मात्र होमस्टेच्या अंगणातलीच. तिथे रात्रीचे ठरलेले पैसे देऊन १६ अँपिअरच्या सॉकेटवरून बॅटरी भरून घेतो. जुन्या घरांत अर्थिंग निकामी झालेले असू शकते आणि ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या पत्र्याच्या गाडीला त्याचा थेट धोका असतो, म्हणून वायर जोडण्याआधी सॉकेट टेस्टरने तपासतो आणि गाडीच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लावलेला आहे.