रजोनिवृत्तीनंतर हृदयासाठी: संप्रेरकांच्या गोळ्या की अजिंक्यताऱ्याची चढण?

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढू लागते, आणि म्हणून हृदयासाठी संप्रेरकांच्या गोळ्या घ्याव्यात का, असे साताऱ्यातील भगिनी विचारतात. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा व रात्रीचा घाम यांवर त्या खरोखर गुणकारी आहेत. परंतु या गोळ्यांच्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीचा, इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरके एकत्र घेणारा गट २००२ मध्ये धोके दिसल्यामुळे थांबवावा लागला, आणि केवळ हृदयरक्षणासाठी या गोळ्या घेण्याची शिफारस केली जात नाही. याउलट अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्याने आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालल्यास रक्तदाब, साखर आणि वजन आटोक्यात राहण्यास मदत होते. माझा कौल चालण्यालाच आहे. मात्र चढावर छातीत दडपण, जबड्यात कळ किंवा एरवी न लागणारी धाप जाणवली, तर पित्त समजून घरी थांबू नये.