कमीत कमी पाइपात सगळे पॉइंट जोडायचे: जिओस्टायनर घ्यावं, क्यूजीआयएस की पायथन?

विहिरीवरून पाच-सहा वावरात पाणी न्यायचंय किंवा टाकीपासून दोन-तीन तांड्यांपर्यंत लाईन टाकायचीय आन् पाइप कमी लागला पाहिजे, तर सॉफ्टवेअर बघायच्या आधी एकच ठरवा, लाईन वावरातून तिरपी जाऊ शकते की धुऱ्यानं-रस्त्यानंच न्यावी लागते. सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे.

तिरपी चालत असेल तर जिओस्टायनर, म्हणजे सगळे पॉइंट कमीत कमी लांबीत जोडून देणारं सॉफ्टवेअर. वॉर्मे, विंटर आन् झकारियासेन या तिघांचं काम, सी भाषेतलं, लिनक्सवर कंपाइल करून कमांडनंच चालवावं लागतं, पण उत्तर अंदाजाचं नसतं, त्याहून कमी लांबी निघूच शकत नाही आन् हजारो पॉइंट झेपतात. हे मधे नवीन जोड-पॉइंट स्वतः शोधतं. १०० मीटर बाजूच्या चौकोनी वावराचे चार कोपरे साधे जोडले तर ३०० मीटर पाइप लागतो, मधे दोन जोड घेतले की २७३. पण त्या जोडांवर तिन्ही पाइप १२० अंशात येतात आन् दुकानात मिळणारी टी ९० अंशाची, शिवाय जोड वावराच्या मधोमध, नांगरटीत फुटायची भीती. जिओस्टायनरमधेच सगळ्या लाईनी काटकोनात जोडायचा पर्याय आहे, सरी-वरंब्याला तो बरा, पण वरच्या चौकोनात त्यानं एक मीटरही वाचत नाही, परत ३००च. परवाना बिगर-व्यावसायिक वापराचा आहे, ठेकेदारीचं काम असेल तर तो आधी वाचा.

धुऱ्यानंच जायचं असेल, आन् आपल्याकडं बहुतेक तसंच असतं, शेजारी कशाला आपल्या वावरात चर खोदू देईल, तर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर घ्या. त्यात ग्रास या दुसऱ्या नकाशा-सॉफ्टवेअरचं व्ही.नेट.स्टायनर हे टूल वापरता येतं, रस्ते-धुरे रेषांच्या लेअरमधे काढा, पॉइंट द्या, नकाशावरच उत्तर दिसतं. ते अंदाजी असतं. फुकट आहे, कोड लिहावा लागत नाही, मी कुणालाही हेच आधी सांगीन.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर तिच्या नेटवर्कएक्स लायब्ररीमधे स्टायनर ट्रीचं, म्हणजे मधले जोड घेऊन कमीत कमी लांबीत सगळे पॉइंट जोडायचं, फंक्शन तयार आहे, लांबीऐवजी खर्चही घालता येतो, म्हणजे खडकाळ पट्ट्यात मीटरमागं जास्त आकडा, काळ्या मातीत कमी, याचा फायदा लई मोठा. हमी एवढीच की उत्तर सर्वोत्तमाच्या दुपटीच्या आत राहतं, प्रत्यक्षात बहुतेक वेळा बरंच जवळ येतं. रस्त्यांच्या जाळ्यावर पक्कंच उत्तर पाहिजे तर बर्लिनच्या झेडआयबी संस्थेचं स्किप-जॅक हे सॉफ्टवेअर, पण इन्स्टॉल करायला वेळ जातो, छोट्या कामाला नको.

मोकळ्या वावरात मधले जोड घेऊन जास्तीत जास्त १३.४ टक्के पाइप वाचतो असा गिल्बर्ट आन् पोलाक यांचा १९६८ चा अंदाज आहे, तो अजून पूर्ण सिद्ध झालेला नाही. म्हणून आधी जोड-पॉइंट न घेता पॉइंट एकमेकांनाच थेट जोडून कमीत कमी लांबी किती येते ते बघा, त्याचे १३ टक्के म्हणजे किती रुपये ते मांडा, आन् खोदाई-फिटिंगपुढं ते किरकोळ वाटले तर जिओस्टायनरच्या नादी लागू नका.

आन् अक्षांश-रेखांश तसेच देऊ नका, मीटरमधे करून घ्या, लातूर-बीडला यूटीएमचा (मीटरमधे जागा मोजायच्या नकाशा-पद्धतीचा) ४३ नंबरचा पट्टा चालतो पण किनवटकडं ४४ लागतो.