बोटं आखडत असतील तर 32 बोरमध्ये काय घ्यावं: सोलापुरात हाताळून बघितलेल्या रिव्हॉल्वर-पिस्तुलांबद्दल

आधीच सांगून टाकतो, वय साठीच्या पुढं असंल, सकाळी उठल्यावर मूठ वळत नसंल आणि हातात रीतसर लायसन असंल तर पिस्तुलाच्या नादाला लागू नका, पोलादी, जरा जड, 32 बोरचं (बोर म्हणजे नळीच्या आतलं माप) रिव्हॉल्वर घ्या, आणि ते पण स्वतःच्या हातानं चार-पाच वेळा उघडून, मिटून, चाप ओढून बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. दुकानदार किती ओळखीचा असू द्या, हात आपला हाय.

माझा टॉवेलचा धंदा आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, आणि शेत मोहोळ तालुक्यात, त्यामुळं रात्री-अपरात्री एकट्यानं गाडी चालवणं आणि जवळ रोकड असणं हे वर्षानुवर्षं चालू आहे, लायसन त्याच्यासाठीच काढलेलं. आता उजव्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय, डॉक्टर म्हणाले हा वयाचा संधिवात. थोरल्या दाजींचं वेगळं, त्यांना आमवात, म्हणजे बोटांची मुळं सुजतात आणि सकाळी तास-दीड तास हात उघडतच नाही. दोघांना पण हत्यार बदलायचं होतं म्हणून दोघं मिळून दुकानात गेलो. हे दोन आजार वेगळे आहेत हे आधी समजून घ्या कारण हत्यार पण त्याच्यावरच ठरतंय. अंगठ्याचा सांधा गेला असंल तर चिमटीत धरून ओढायची कामं होत नाहीत, बोटांची मुळं सुजत असतील तर चाप ओढणं आणि मूठ घट्ट धरणं जड जातं.

पहिल्यांदा पिस्तूल. आपल्याकडं सर्वसामान्य लायसनवाल्याला 9 एमएम वगैरे मिळत नाही, ते प्रतिबंधित बोर, म्हणून सगळा बाजार 32 वर. सरकारी कारखान्याचं अशनी बघितलं, आणि कुणाकुणाकडं जुनी परदेशी वाल्थर, वेबली अजून आहेत ती हातोहात लाखांच्या भावात विकली जातात, कारण 80 च्या दशकापासून साध्या लायसनवाल्यासाठी आयात बंद आहे. दिसायला पिस्तूल देखणं, चपटं, सदऱ्याखाली कळत पण नाही. पण स्लाइड (वरचा मागं-पुढं सरकणारा भाग) ओढायला घेतली की खरं काय ते कळतं. ह्या छोट्या 32 च्या पिस्तुलात गोळी उडताना स्लाइडला अडवून धरणारा वेगळा खटका नसतो, स्लाइडचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच सगळं निभावतं, म्हणून ती स्प्रिंग कडक ठेवावीच लागते. म्हणजे पिस्तूल लहान म्हणून ओढायला हलकं असं काही नाही, उलट मोठ्या 9 एमएमची स्लाइड कित्येकदा ह्याच्यापेक्षा सोपी जाते. बरं ओढायचं कशानं तर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीनं, तिथंच आमचं दुखणं.

दुकानातल्या दादांनी एक पद्धत दाखवली ती मात्र खरंच चांगली आहे, ज्यांच्याकडं पिस्तूल आहेच त्यांनी शिकून घ्या. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या बाहेर, पिस्तूल छातीजवळ आणायचं, डाव्या हाताचा अख्खा तळवा वरून स्लाइडवर ठेवायचा, चार बोटं पलीकडून वळवायची, आणि स्लाइड मागं ओढत बसायचं नाही, उजव्या हातानं पिस्तूलच पुढं ढकलायचं. ताकद खांद्याची लागते, बोटांची नाही. बाहेर घोडा (चाप ओढल्यावर आपटतो तो मागचा भाग) असलेलं वाल्थरसारखं असंल तर आधी घोडा मागं करून मग स्लाइड ओढा, बराच जोर वाचतो. दादा म्हणाले, "काका, ह्याच्यात जोर नको, वळण पायजे." मला जमलं. दाजींना नाही जमलं, त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि पिस्तूल शांतपणे काउंटरवर ठेवलं, "दादा, हे दुपारी जमंल, पहाटे नाही जमायचं. आणि मला लागलं तर पहाटेच लागणाराय."

मला वाटतं ह्या सगळ्या विषयातलं खरं वाक्य हेच आहे. हात चांगला असतानाच्या वेळेवर हत्यार निवडू नका.

शिवाय मॅगझिन (पिस्तुलात बसते ती काडतुसांची डबी) भरणं हे वेगळंच दुखणं. शेवटची दोन-तीन काडतुसं दाबताना अंगठ्याचा जीव जातो, आणि अडकलेलं काडतूस काढायचं तर परत तीच स्लाइड. अमेरिकेत ह्याच्यावर उपाय निघालेत, स्मिथ अँड वेसननं 2018 साली मुद्दाम हलक्या स्लाइडचं ईझी नावाचं मॉडेल काढलं, बेरेटाचं टॉमकॅट तर 32 चंच आहे आणि त्याच्या नळीचं मागचं टोकच वर उचललं जातं, काडतूस थेट नळीत ठेवायचं, स्लाइड ओढायचं कामच नाही. संधिवातवाल्यासाठी ह्याच्यापेक्षा चांगला विचार कुणी केला नसंल. पण ते इथं नवीन मिळणार नाही, तेव्हा व्हिडिओ बघून दुकानदाराला ते मागत बसू नका.

आता रिव्हॉल्वर. इथं मी जरा सविस्तर लिहितो.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुनं 32 चं रिव्हॉल्वर, वेबलीच्या धाटणीचं, मधून मोडून उघडतं ते. खेड्यातल्या जुन्या लायसनवाल्यांकडं बहुतेक हेच दिसंल. ह्याची एक गोष्ट आमच्यासारख्यांना सोन्यासारखी आहे. घोड्याच्या जवळचा खटका अंगठ्यानं दाबायचा, डाव्या हातानं नळी खाली मोडायची, आणि सहाच्या सहा रिकामी केसं (उडालेल्या काडतुसांची टरफलं) एकदम आपोआप वर येतात. रॉड दाबायला नको, नखानं उचकटायला नको. काडतुसं टाकायची, नळी वर करायची, खट् झालं की झालं. पण तो खटका नव्या हत्यारात लई कडक असतो. मी दुकानात पहिलं जे हातात घेतलं त्याचा खटका उजव्या अंगठ्यानं हललाच नाही, दादांनी त्याच मॉडेलचं दुसरं एक दिलं ते लगेच उघडलं. म्हणजे मॉडेल एक असलं तरी नग-नग वेगळा असतो. दोन-तीन नग मागून घ्या, लाजू नका, लाखाच्या वर पैसे मोजतोय आपण.

निर्भीक पण ह्याच प्रकारात, 2014 साली आलं तेव्हा लेडीज रिव्हॉल्वर म्हणून गाजलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन फक्त 500 ग्रॅम आणि किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास. कमरेला आहे का नाही कळत नाही एवढं हलकं. तरी मी म्हातार्‍या हाताला ते सांगणार नाही. हत्यार जेवढं हलकं तेवढा धक्का हातात जास्त येतो. 32 च्या रिव्हॉल्वरचं काडतूस तसं सौम्यच, जवान माणसाला त्याचं काही वाटत नाही, पण सुजलेल्या सांध्याला तो फरक कळतो, आणि एकदा का हात दुखायच्या भीतीनं सराव बंद झाला की मग ते हत्यार असून नसल्यासारखं. 150-200 ग्रॅम जास्त कमरेवर बाळगा आणि हात वाचवा.

प्रबळ हे 2023 साली कानपूरच्याच कारखान्यानं (आता तो एडब्ल्यूईआयएल ह्या सरकारी कंपनीत आहे) काढलं, साधारण 700 ग्रॅम, नळी 76 मिलिमीटर, आणि हे मोडून उघडत नाही, सिलिंडर बाजूला निघतं. भरायला एकदम सोपं, सिलिंडर हाताशी येतं. पण रिकामी केसं काढायला पुढचा रॉड मागं दाबावा लागतो, तो अंगठ्यानं न दाबता नळी आभाळाकडं करून तळहातानं दाबायचा, मग काही त्रास नाही. दाजींनी शेवटी हेच पसंत केलं. त्यांच्या बोटांना मोडायच्या रिव्हॉल्वरचा खटका जमत नव्हता, हे जमलं. वेबली अँड स्कॉट नावानं आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात पण 32 चं रिव्हॉल्वर बनतंय, मी ते फक्त काचेतून बघितलं, हातात न घेता त्याबद्दल काही लिहीत नाही.

चापाबद्दल नीट लक्ष द्या. रिव्हॉल्वर दोन तऱ्हेनं चालतं. नुसता चाप ओढला तर घोडा मागं जाऊन पडतो, त्याला साधारण साडेचार-पाच किलोचा जोर लागतो आणि ओढ पण लांब असते. घोडा आधी हातानं मागं केला तर चाप एकदम हलका, निम्म्यापेक्षा कमी. बरेच जण म्हणतात मग म्हातार्‍या माणसानं घोडा चढवूनच वापरावं. निम्मं बरोबर आहे. सरावाला, सावकाश नेम धरून मारायला ते ठीक, आणि घोडा चढवताना उजवा अंगठा वापरू नका, दोन्ही हातांनी मूठ धरून डाव्या अंगठ्यानं चढवा, मूठ सुटत नाही. पण चढवलेला घोडा परत सावकाश उतरवायचा असतो तेव्हा काय करणार? आखडलेल्या अंगठ्याखालून घोडा सटकला की गोळी सुटली, आणि घरात असाल तर पुढं कोण उभं असंल सांगता येत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, ज्याला नुसता चाप ओढून, हात न थरथरता, लागोपाठ सहा वेळा रिकामं रिव्हॉल्वर चालवता येत नाही त्यानं ते अंगावर बाळगू नये. दुकानात डमी (खोटी, न उडणारी) काडतुसं घालून हीच परीक्षा घ्या. पहिल्या पेराऐवजी बोटाचा मधला सांधा चापावर ठेवला तर बोटाला जोर जास्त मिळतो का तेही बघा, दाजींना त्यानं बराच फरक पडला. आणि स्प्रिंग कापून चाप हलका करून देतो म्हणणारा भेटला तर उठून या, काडतूस पेटायचंच बंद होतं त्यानं.

मुठीचं पण सांगतो. कानपूरच्या जुन्याची मूठ बारीक असते, मोठ्या हातात बोटं एकमेकांवर चढतात आणि धक्का एकाच सांध्यावर बसतो. जाड रबरी मूठ बसत असंल तर बसवून घ्या. आपल्याकडं एप्रिल-मेच्या उन्हात घाम एवढा की लाकडी मूठ सुळ्ळकन फिरते, आणि घामानं पोलाद पण गंजतं, त्यामुळं उन्हाळ्यात रोज रात्री कापडानं पुसून तेलाचा हात द्या.

बाळगायचं कसं, ह्यावर लोक फार कमी बोलतात. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणं सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात पाहिजे. कमरेला दिसंल असं लावून बाजारात फिरणं हा रुबाब नाही, नियमभंग आहे. पायजमा-सदरा घालणाऱ्यांना बेल्ट नसतो, मग हत्यार नाडीवर ओढून बसतं. त्यांनी आत रुंद चामडी पट्टा बांधून त्याच्यावर होल्स्टर घ्यावं आणि वरून जाकीट. होल्स्टरनं चाप पूर्ण झाकला पाहिजे आणि त्याचं बटण अंगठ्याला उघडता आलं पाहिजे, आम्ही बघितलेल्यात निम्म्यांचं बटण मला उघडत नव्हतं, चामड्याची जीभ लांब असलेलं शोधून घेतलं. खांदा पण दुखत असंल तर काखेतलं होल्स्टर घेऊ नका, हात तिथं पोचत नाही. नुसतं खिशात टाकणं तर कधीच नाही. आणि गड्ड्याच्या यात्रेला, मिरवणुकीला, सभेला, शाळा-कॉलेजात हत्यार न्यायची लायसनच्या अटीतच मनाई आहे, वेगळी परवानगी असल्याशिवाय. वरातीत बार काढणाऱ्यांसाठी 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दुकानाबद्दल: नाव देत नाही कारण ही जाहिरात नव्हे, पण गाव सोडून पुण्याला जायची गरज आम्हाला पडली नाही. दादांनी प्रत्येक हत्यार हातात द्यायच्या आधी स्वतः उघडून रिकामं दाखवलं, मग आम्हाला दाखवायला लावलं. ज्या दुकानात हे होत नाही तिथून घेऊ नका. मूळ लायसन बरोबर न्या, झेरॉक्सवर काम होत नाही. आणि विचारायला लाज वाटते म्हणून लोक दुखणं लपवतात, तसं करू नका, आम्ही सरळ सांगितलं म्हणून त्यांनी मऊ खटक्याचा नग काढून दिला.

हाताला काहीच जमत नसंल तर काय, हे पण लिहितो कारण ते कुणी सांगत नाही. लायसनवाल्याचं वय 70 झालं किंवा हत्यार 25 वर्षं बाळगलेलं असलं, दोन्हीतलं जे आधी होईल तेव्हा, जिवंतपणीच वारसाला ते देण्यासाठी अर्ज करता येतो, शहरात पोलीस आयुक्तालयात, ग्रामीणला कलेक्टर कचेरीत. वारसाला स्वतःच्या नावानं लायसन मंजूर व्हावं लागतं, प्रशिक्षणाचा दाखला आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, वेळ जातो. म्हणून पोराला आत्ताच कामाला लावा, सांधे पूर्ण जायची वाट बघू नका. दाजींनी प्रबळ घेतलं, आणि त्याच आठवड्यात थोरल्या पोराचा अर्ज पण भरला.