आईचं बोलणं उतरवायचं कुठे: वहीत की मोबाईलात?

पुतण्याला त्याच्या नानीकडून ऐकलेलं लिहून काढायचंय, आणि वहीत लिहावं की मोबाईलात यावर त्याचं गाडं दोन महिने अडलंय. मी आमच्या आईचं लिहितो हे घरात सगळ्यांना माहीत, म्हणून त्यानं मला विचारलं. मी दोन्ही करून पाहिलंय. सव्वा वर्ष मोबाईलात, त्यानंतर वहीत. जे सांगतोय ते एवढ्यावरच, एखादा तरबेज माणूस खोडूही शकेल.

पण त्याआधी आपण लिहायला का बसलो ते स्वतःला विचारून घ्यावं, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. माझं कारण काही थोर नव्हतं. आजी गेल्यानंतरची पहिली कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसवायची म्हणून तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू काढायला घेतले. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. सुरतेला राहणारा, चूल वेगळी झालेला चुलतभाऊ धरायचा की नाही, यावर आई आणि काकू अडल्या. आई म्हणे धरायचा, काकू म्हणे नाही. आजी असती तर एका वाक्यात मिटलं असतं. शेवटी धरला. रोट भाऊबंदाबाहेर जात नाहीत आणि सुरतवाले तर आलेच नाहीत, त्यामुळे उरलेले आम्हीच संपवत बसलो. तेव्हा वाटलं, आईजवळ आहे ते तरी लिहून ठेवावं. आणि तिच्या अहिराणीतच, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीतच, कारण तिचं सांगणं मराठीत आणलं की निम्मं हातून निसटतं.

मोबाईलाची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. मी जिनिंगवर हिशेब लिहितो. कापसाचा हंगाम सुरू झाला की गाड्यांची रांग लागते, पण दोन वजनांच्या मध्ये पाच-दहा मिनिटं मोकळी सापडतात, आणि मोबाईल खिशातच असतो. दुसरं म्हणजे शोधणं. ‘बिबडे’, म्हणजे ज्वारीचे पापड, एवढं लिहिलं की जिथं जिथं बिबडे आले तिथलं सगळं समोर. वहीत तेच शोधायला मला अर्धा तास पानं उलटावी लागतात. सुरतेच्या बहिणीला पाठवायचं तर बोट लावलं की पोचलं.

पण सुरतेच्या बहिणीवरूनच माझा पहिला खटका उडाला. मी लिहिलेलं वाचून तिचा फोन: "आई अंधेरीला कधी गेली होती?" आई आयुष्यात दादरच्या पुढे गेलेली नाही, आणि तेही खायच्या दादरच्या, म्हणजे ज्वारीच्या. मी लिहिलं होतं ‘मनी आंडेर’, म्हणजे माझी लेक. कीबोर्डानं माझ्या नकळत त्याची अंधेरी केली. मग मागचं सगळं उघडून बघितलं. ‘जोयजे’चं, म्हणजे पाहिजेचं, ‘जोडणे’. ‘डोया’चा, म्हणजे डोळ्याचा, ‘डोक्या’. आणि ‘पोऱ्या घर शे’, पोरगा घरी आहे, हे साधं वाक्य ‘पोऱ्या घर शेअर’ होऊन बसलेलं!

कुणी म्हणेल, ही दुरुस्ती बंद करता येते. येते, मीही केली. शब्द आपोआप बदलायचं थांबलं, पण वरच्या पट्टीत सुचवणं चालूच राहिलं. ‘मा’ लिहिलं की ‘मला’ तयार, ‘माले’ कधीच नाही. मग मोबाईलाच्या शब्दकोशात वीस-पंचवीस शब्द भरले. नवा मोबाईल घेतल्यावर तेही गेले. बोलून लिहायची सोय आईवर लावून पाहिली. ती म्हणाली, "काय करी ऱ्हायना तू?" पडद्यावर उमटलं, क्या कर रहे हो ना.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. जड गेलं ते पुढचं. दिवाळीत सहा महिन्यांचं लिखाण सलग वाचलं, तर ‘माले’ बहुतेक ठिकाणी ‘मला’ झालेलं, ‘तुले’चं ‘तुला’, ‘आते’चं ‘आता’. दुरुस्ती तेव्हा केव्हाच बंद होती. ते मीच केलं होतं. अंगठा जिथं सहज पडेल तो शब्द घेत गेलो आणि आईचं बोलणं शाळेच्या पुस्तकासारखं होत गेलं. माझ्यासाठी मोबाईल तिथंच संपला. प्रमाण मराठीत लिहिणाऱ्याला यातलं काहीच नडणार नाही, हे मान्य.

आवाज रेकॉर्ड करण्याचंही करून पाहिलं. मोबाईल समोर ठेवला की आई पदर सावरते आणि आकाशवाणीवर आल्यासारखी बोलते. तो नाद सोडला.

वहीचे दोष झाकत नाही. मी दिवाळीच्या पूजेला आणतात तीच लाल कापडाची, उभी वही घेतली. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा मनगटाच्या घामानं जेल पेनाची शाई फुटते. साधा बॉलपेनच वापरा. कसर लागते. प्रत एकच असते, म्हणून दर रविवारी पानांचे फोटो काढून बहिणीला पाठवतो. म्हणजे मोबाईल पूर्ण सुटला असं नाही. आणि माझं अक्षर असं, की मुलगी म्हणते हे आधी कुणीतरी मराठीत आणा.

पण वही शब्द सुचवत नाही. ‘डोया’ लिहिताना पेन एकदा अडखळतं, ‘ळ’कडे वळू पाहतं, आणि तेवढ्यात मला कळतं की आई ‘य’ म्हणाली होती. त्या अडखळण्यातच मला ऐकू येतं. बिबड्यांच्या पानावर घाट्याचा, म्हणजे बिबड्यांसाठी शिजवलेल्या पिठाचा, डाग आहे. गच्चीवर आई ओल्या फडक्यावर बिबडे थापत होती, मी एका हातानं तेल घातलेला गरम घाटा खात दुसऱ्या हातानं लिहीत होतो. तसं मोबाईलवरही लिहिता आलं असतं, फक्त बोटं आधी पुसावी लागली असती.

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी छापून आली, ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ऐकून कागदावर उतरवली होती म्हणून. उतरवताना कुणी त्यांच्या बोलीला ‘सुधारलं’ असतं तर? माझी तेवढी ऐपत नाही, आईची गाणीही नाहीत, पण हा विचार पेन धरताना मनात येतो.

पुतण्याला एवढंच म्हणालो, नानी कुठली मराठी बोलते ते बघ आणि ठरव. तो म्हणाला, "काका, म्हणजे वहीच ना?" मी म्हटलं, मी तसं म्हटलेलं नाही.

आई चौथी शिकलेली. मोबाईलात काय लिहिलंय ते तिनं कधी पाहिलं नाही, अक्षरं हलतात म्हणते. वही मात्र दुपारी चष्मा लावून वाचते. मागच्या आठवड्यात वही उघडली तर चार-पाच ठिकाणी पेन्सिलीनं खोडलेलं. ‘माझी’ खोडून वर ‘मनी’. कानबाईच्या पानावर, जिथं मी चुलतभावाला धरल्याचं लिहिलंय, तिथं खाली तिच्या वाकड्या अक्षरात एक ओळ वाढली होती: तुनी काकू खरं सांगे.