बॅश लिहून चालवायची, डॉट स्लॅश द्यायचं की सोर्स करायचं?

लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलवर चालवायच्या कमांड्स एका फाइलमध्ये लिहिल्या, म्हणजे स्क्रिप्ट लिहून झाली, आता चालवायची कशी तर तीन-चार रस्ते आहेत, आणि वरवर आउटपुट सारखंच येतं म्हणून जो तो पहिल्यांदा जे शिकला तेच टाइप करत बसतो. आत मात्र बराच फरक आहे. समजा फाइलचं नाव बॅकअप.एसएच.

पहिला प्रकार, "बॅश बॅकअप.एसएच". इथे चालतो तो बॅश, म्हणजे कमांड वाचून चालवणारा शेल प्रोग्रॅम, तुमची फाइल तो नुसती वाचतो, त्यामुळे एक्झिक्यूट परमिशनची भानगड नाही, रीड असली की झालं. पहिल्या ओळीत शबँग (#! आणि पुढे स्क्रिप्ट ज्याने चालवायची त्या प्रोग्रॅमचा पत्ता) काहीही असो, बॅशच्या लेखी ती कमेंट. कुठूनतरी डाउनलोड केलेली स्क्रिप्ट तपासायची असेल तर हाच प्रकार बरा, मध्ये -एन टाकलं तर काही न चालवता फक्त सिंटॅक्स बघतो आणि -एक्स टाकलं तर प्रत्येक कमांड चालवायच्या आधी छापून दाखवतो. नोएक्झेक (इथल्या फाइली थेट चालवू नका असा पर्याय) लावून माउंट केलेल्या पार्टिशनवर पण हे चालतं, डॉट स्लॅश तिथे "परमिशन डिनाइड" म्हणून हात वर करतं.

फक्त बॅशच्या जागी सवयीने एसएच लिहू नका. उबंटूमध्ये 2006 पासून (6.10 व्हर्जन) एसएच म्हणजे डॅश नावाचा वेगळा शेल आहे, आणि त्याला अट तपासायचे दुहेरी चौकोनी कंस [[ ]] कळत नाहीत. वाईट म्हणजे तो तिथे थांबतही नाही, "नॉट फाउंड" छापतो, इफची अट खोटी धरतो आणि सरळ एल्समध्ये घुसतो. एल्समध्ये डिलीट असेल तर मग बघायलाच नको.

दुसरा, "./बॅकअप.एसएच". आधी एकदा सीएचमॉड +एक्स करून फाइलला एक्झिक्यूट परमिशन द्यावी लागते, मग कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) स्वतः फाइलचे पहिले दोन कॅरेक्टर बघतो, #! दिसलं की पुढे लिहिलेला इंटरप्रिटर (फाइल वाचून चालवणारा प्रोग्रॅम) उचलतो. म्हणजे कशाने चालवायचं ते फाइलच सांगते, चालवणाऱ्याने लक्षात ठेवायची गरज नाही, आणि माझ्या मते रोजच्या वापराला हाच योग्य, विशेषतः स्क्रिप्ट दुसरं कोणी चालवणार असेल तर. डॉट स्लॅश का लागतं असं बरेच जण वैतागून विचारतात, तर नुसतं नाव दिलं की शेल फक्त पाथ नावाच्या यादीतल्या डिरेक्टऱ्या शोधतो आणि चालू डिरेक्टरी त्यात मुद्दाम ठेवत नाहीत. ठेवली तर टेम्पमध्ये (जिथे कोणालाही फाइल ठेवता येते) कोणी एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) नावाची फाइल टाकून ठेवेल आणि तुम्ही तिथे जाऊन एलएस मारलं की तीच चालायची!

शबँगमध्ये बॅशचा थेट पत्ता देण्यापेक्षा एन्व्ह कमांड वापरा, म्हणजे पाथमध्ये आधी जो बॅश सापडेल तो घेतला जातो. मॅकवर सिस्टीमचा बॅश अजून 3.2 वर अडकलाय, असोसिएटिव्ह अॅरे (नावाने किंमत शोधायच्या याद्या) बॅश 4 मध्ये आले, तेव्हा वेगळा नवा बॅश टाकला असला तरी थेट पत्ता दिला की जुनाच उचलला जातो. आणि फाइल विंडोजवर सेव्ह केली असेल तर शबँगच्या शेवटी न दिसणारा कॅरेज रिटर्न (विंडोजचं ओळ संपवायचं जादा चिन्ह) चिकटतो, मग फाइल डोळ्यासमोर असताना "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" येतं. फाइल आहेच हो, इंटरप्रिटर सापडत नाहीये. शबँग लिहिलंच नाही तर टर्मिनलवर बहुतेक वेळा चालून जातं कारण शेल सांभाळून घेतो, पण तीच स्क्रिप्ट पायथनच्या सबप्रोसेसमधून (दुसरा प्रोग्रॅम चालवायचं मॉड्यूल) बोलवा, "एक्झेक फॉरमॅट एरर" मिळेल.

तिसरा सोर्स, किंवा नुसता टिंब आणि स्पेस. वरचे दोन्ही प्रकार नवीन प्रोसेस काढतात, ती संपली की तिच्यातलं सीडीने डिरेक्टरी बदलणं, एक्स्पोर्टने व्हेरिएबल देणं सगळं तिच्यासोबत गेलं. सोर्स मात्र तुमच्या चालू शेलमध्येच एकेक ओळ चालवतो. पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटची अॅक्टिव्हेट फाइल म्हणूनच सोर्स करायला सांगतात, डॉट स्लॅशने ती चालवून काही उपयोग नाही. पण याच कारणाने स्क्रिप्टमध्ये एक्झिट असेल तर टर्मिनलच बंद होतं, व्हेरिएबल्सचा कचरा मागे राहतो तो वेगळा. एन्व्हायर्नमेंट बदलायचं असेल तरच सोर्स, बाकी कशालाही नाही.

रोज लागणारी स्क्रिप्ट असेल तर होममधल्या .लोकल/बिनमध्ये टाका, ती डिरेक्टरी पाथमध्ये आहे ना बघा, मग कुठूनही नुसतं नाव पुरतं. नाव तेवढं टेस्ट ठेवू नका, त्या नावाची कमांड शेलमध्ये आधीपासून आहे, तीच चालेल आणि काहीही न छापता गप्प बसेल. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी व्यवस्था) मात्र ही सोय धरून चालू नका, त्याचा पाथ अगदी तोकडा असतो, तिथे स्क्रिप्टचा पूर्ण पत्ताच द्या.