एनपीटेलचा १२ आठवड्यांचा कोर्स: नाव घालण्याआधी हे वाचा

सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी २००३ मध्ये सुरू केलेला एनपीटेल हा ऑनलाइन शिकवणीचा उपक्रम आता केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरून कोर्स चालवतो. नागपुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ते मुख्यतः पदवीच्या क्रेडिटसाठी घेतले जातात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांत सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करायची मुभा आहे. पण आपलं कॉलेज नेमका कोणता कोर्स धरतं, हे एसपीओसी सरांना, म्हणजे कॉलेजात एनपीटेलचं काम बघणाऱ्या सरांना, आधीच विचारा. कोर्स संपल्यावर विचारून उपयोग नाही.

शिकवणं बहुतेक ठिकाणी पक्कं असतं. आठवड्याला साधारण अडीच तासांचे व्हिडिओ. ३६० वर पाहिले तर एक जीबीच्या आत भागतं. काही विषयांची मराठी भाषांतरंही आहेत, पण परीक्षेतले शब्द इंग्रजीच येतात, म्हणून नोट्समध्ये दोन्ही लिहून ठेवा.

नाव घालणं फुकट, पैसे लागतात परीक्षेला: विषयामागे हजाराच्या आतबाहेर. पहिली गफलत इथेच होते. कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं होत नाही. तो वेगळा भरायचा, मुदतीत, आणि कोर्स घेतला त्याच ईमेलने.

आता गुणांचं गणित. असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५. बारापैकी सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंटची सरासरी धरतात. प्रमाणपत्राला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे लागतात. टेलिग्रामवरची उत्तरं उतरवून पोट्टे २५ पैकी २५ आणतात आणि परीक्षेत २९ वर अडकतात. बेरीज ५४, प्रमाणपत्र शून्य! एकूण ६० ला प्रमाणपत्रावर एलिट असा शेरा, ७५ ला त्यावर सिल्व्हर, ९० ला गोल्ड.

असाइनमेंट मुदतीपर्यंत कितीही वेळा सबमिट करता येते, शेवटची धरतात. म्हणून व्हिडिओ झाला की येतील तेवढी उत्तरं टाकून मोकळं व्हायचं, मग सुधारत बसायचं. शेवटच्या रात्री साडेअकराला लॉगिन केलं आणि लाइट गेली, तर तो आठवडा हातचा गेला.

खरी उणीव प्रॅक्टिकलची. सर्किट जोडताना सैल वायर कुठे आहे, हे व्हिडिओतून कळत नाही. शंका लिहून पाठवायची सोय आहे, पण उत्तर येईपर्यंत धडा पुढे गेलेला असतो. प्रोग्रॅमिंग, गणित, मॅनेजमेंट इथे छान जमतं. ज्याला लॅब हवी ते विषय कॉलेजातच करा. आणि सत्राला एकच कोर्स. दोन घेतले की चौथ्या आठवड्यात एक सुटतोच.

परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. केंद्र हिंगणा रोडकडे आलं, तर सीताबर्डीहून मेट्रोने लोकमान्य नगर आणि पुढे ऑटो. पाळ्या दोन: सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ५. जानेवारीच्या सत्राची परीक्षा एप्रिलात येते. दुपारची पाळी म्हणजे भर उन्हात निघणं, दुपट्टा लागणारच. हॉल तिकिटाची प्रिंट आणि मूळ ओळखपत्र घ्या, मोबाइलमधला फोटो चालत नाही.

प्रमाणपत्र छापून येत नाही, क्यूआर कोडची पीडीएफ मिळते. परीक्षेच्या फॉर्मवर घालाल तेच नाव तिच्यावर उमटतं आणि नंतर बदलून मिळत नाही. मार्कशीट समोर ठेवूनच भरा, वडिलांच्या नावासकट.