कर्वेनगरच्या काकूंचा डबा, चार स्टार (रिव्ह्यू लांबलाय, आधीच सांगतो)

आधी कामाचं. पूर्ण डबा म्हणजे चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ नाहीतर आमटी, भात आणि कोशिंबीर किंवा चटणी. अर्ध्या डब्यात दोन पोळ्या, भात नाही. दोन्ही वेळचा पूर्ण डबा घेतला तर महिन्याला ४,५०० रुपये, रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री सुट्टी, म्हणजे पुण्यातल्या कुठल्याही मेससारखंच. स्टीलचा डबा येतो, काका स्वतः ॲक्टिव्हावरून आणून देतात, दुपारी साडेबारा ते एक आणि रात्री आठ ते साडेआठ. चव घरची, गोडा मसाला काकू स्वतः करतात, पोळ्या रात्रीपर्यंत ठेवल्या तरी मऊ राहतात. नाव-नंबर इथे टाकत नाहीये कारण त्यांच्याकडे चाळीस-एक डबेच होतात, आणि पुढे मी जे लिहिणारे ते वाचून कोणी त्यांना फोन करून चौकशा करत बसावं असं मला वाटत नाही.

ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

बाकीच्यांसाठी. मी तीस वर्षांचा, आयटीत, मूळचा कराडचा, आणि मला ॲनोरेक्सिया आहे, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणंच तोडत जायचा मानसिक आजार. माझे सायकियाट्रिस्ट "रिकव्हरीत आहेस" म्हणतात, मी अजून "आहे"च म्हणतो. वजन किती होतं, किती झालं, किती खायचो हे आकडे मुद्दाम लिहिणार नाही, कारण मी स्वतः दुसऱ्यांचे असे आकडे शोधून शोधून वाचायचो आणि मग त्यांच्यापेक्षा कमी कसं करता येईल हे बघायचो. वाचणाऱ्यांमध्ये तसं कोणी असेल तर त्याला माझ्याकडून मटेरियल नको.

रिव्ह्यूचं आणि माझं नातं पण सांगायला हवं. आजारी होतो तेव्हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी हॉटेलांचे रिव्ह्यू वाचत बसायचो. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा, नाशिकची मिसळ, मालवणी थाळ्या, कुठल्या गावात कुठल्या टपरीवर वडा चांगला मिळतो, सगळं पाठ. फोनमध्ये दीडशेच्या वर ठिकाणं सेव्ह केलेली आणि त्यातल्या एकाही ठिकाणी कधी गेलो नाही. रेसिपीचे व्हिडिओ तर किती बघितले असतील. मला वाटायचं मी फुडी आहे, फक्त कंट्रोल असलेला फुडी. ऑफिसात लोक मला विचारायचे की टीम लंचला कुठे जाऊया, मी बरोबर सांगायचो, आणि मग तिथे जाऊन ब्लॅक कॉफी घेऊन बसायचो.

डाएटिशियन मॅडमना हे सांगितलं तेव्हा मला लाज वाटत होती, त्यांनी मात्र अमेरिकेतल्या मिनेसोटा युनिव्हर्सिटीतला एक जुना प्रयोग सांगितला. १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, हे सगळे युद्धात बंदूक धरायला नकार दिलेले आणि स्वतःहून यात आलेले, आणि हेतू हा की युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना परत खायला कसं घालायचं ते कळावं. तर या लोकांपैकी काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, कात्रणं जमवायला लागले, ताटं चाटायला लागले, एका जेवणावर तासनतास बसायला लागले. त्यांना बारीक व्हायचं नव्हतं, आरशाचा काही संबंध नव्हता, नुसती उपासमार. म्हणजे मी ज्याला माझी आवड समजत होतो ती आवडबिवड काही नव्हती, ती भूक होती. हे ऐकून मी त्यांच्या केबिनमध्ये खूप वेळ काही बोललो नाही. असो. खाऊन लिहिलेला हा माझा पहिला रिव्ह्यू.

सुरुवात कशी झाली हे थोडक्यात, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. ऑफिसात स्टेप्स चॅलेंज, मग साखर बंद, मग भात बंद, मग तूप, मग तेल. लोक म्हणायचे काय फिट झालास रे. मग संकष्टी धरायला लागलो, मग एकादशी, मग श्रावणातले सोमवार, आणि उपासाला साबुदाणा खायचा असतो हे मी सोयीने विसरायचो. आई खूष, पोरगा देवाधर्माला लागला. एप्रिलच्या उन्हात मी स्वेटर घालून बसायचो. नाडी ४४ होती तर एका डॉक्टरांनी, नाव नको, सांगितलं की तू रनर आहेस ना, मग चांगलंच आहे. दुसऱ्यांनी सांगितलं हे कॉलेजच्या मुलींना होतं. आता त्यांना तरी काय बोलणार, मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकातच मासिक पाळी थांबणं हे ॲनोरेक्सियाच्या निकषांमध्ये होतं, ते काढलं २०१३ मध्ये. गरवारे कॉलेज मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर चक्कर येऊन बसलो, तेव्हा कुठे घरी कळलं. त्या रात्री मी टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ ला फोन लावला, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि पहिल्यांदा कोणालातरी खरं सांगितलं की मी जेवत नाही. भावाला सांगायच्या आधी त्या अनोळखी बाईंना सांगितलं.

ट्रीटमेंट सुरू झाल्यावर घरच्यांना वाटलं आता भरपूर खायला घाला. कराडहून डिंकाचे लाडू आले. पण तसं चालत नाही, बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस-पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदयाला धोका होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला माझं रक्त सारखं तपासायचे आणि जेवण बेताबेताने वाढवायचे. लाडू भावाने खाल्ले.

आता डबा. प्लॅन होता तीन जेवणं आणि तीन मधली खाणी, दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांच्या वर गॅप नको. आणि मॅडमनी स्पष्ट सांगितलं की तू स्वतः शिजवायचं नाहीस सध्या. कारण मी शिजवायचो म्हणजे काय, तेल चमच्याने मोजून परत अर्धं बाटलीत ओतायचो, पोळीचं पीठ काट्यावर तोलायचो. तो किचनमधला काटा भाऊ घेऊन गेला. ॲपवरून मागवायचं तर चाळीस मिनिटं स्क्रोल करून शेवटी काहीच नाही. तेव्हा दुसऱ्याने केलेलं, दुसऱ्याने भरलेलं, मला न विचारता आलेलं, आणि ठरलेल्या वेळी. याला क्लिनिकल भाषेत काहीतरी म्हणत असतील, पुण्यात याला डबा म्हणतात.

आणि खरं सांगू का, हीच या डब्याची सगळ्यात मोठी क्वालिटी आहे. निवडायचं काही नसतं. झाकण उघडलं की मटकीची उसळ आहे तर आहे. लोक तक्रार करतात की काकू मेन्यूत चॉइस देत नाहीत, मी म्हणतो देऊच नका. त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सकाळी नऊला त्यावर मेन्यू येतो, मी आठवड्याभरात ग्रुप सोडला, कारण मेन्यू आला की दुपारपर्यंत माझ्या डोक्यात नुसती तेलाची बेरीज चालायची. काकूंनी काही विचारलं नाही. वेगळं काही असेल तर मेसेज करते म्हणाल्या, तेवढंच.

पहिला महिना मात्र मी घाण केली. मेसमध्ये राहिलेल्यांना खाडा माहिती असेल, आदल्या रात्री कळवायचं, त्या वेळचे पैसे कापले जातात. माझ्यासारख्याच्या हातात खाडा म्हणजे काय ते विचारू नका. पहिल्या महिन्यात अकरा खाडे. मित्राकडे जेवायला आहे, ऑफिसात पार्टी आहे, पोट बिघडलंय. आणि जे डबे यायचे त्यातल्या पोळ्या टिश्यूत गुंडाळून सोसायटीतल्या कुत्र्याला. कुत्रा गुबगुबीत झाला. माझं वजन क्लिनिकमध्ये काट्याकडे पाठ करून घेतात, आकडा मला सांगत नाहीत, पण मॅडमच्या तोंडाकडे बघून कळायचं. रिकामा डबा मी इतका घासून द्यायचो की त्यात काही राहिलं होतं की नव्हतं कळू नये.

महिनाअखेर पैसे द्यायला गेलो तर काकू हिशोबाची वही घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "अरे, पोळ्या कडक येतायत का? खरं सांग, मला राग नाही यायचा." त्यांना वाटलं माझे खाडे म्हणजे त्यांच्या हाताचा दोष. मी थोडं खरं सांगितलं, की मला वेळेवर जेवायचा प्रॉब्लेम आहे, डॉक्टरांनी दोन्ही वेळ पूर्ण जेवायला सांगितलंय. त्यांनी वहीत माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "मग तुला खाडा बंद. गावाला गेलास तरच." आणि जाताना म्हणाल्या डबा एवढा घासत जाऊ नकोस, नुसता विसळून दिलास तरी चालेल, मी घासतेच परत. त्यांना काय कळलं होतं, काय नव्हतं, मी आजवर विचारलेलं नाही.

आता एक स्टार का कापला.

दुधी. आठवड्यात दोनदा दुधी हे जरा जास्त होतं. बुधवारची आमटी पातळ असते. पावसाळ्यात डबा कधीकधी चाळीस मिनिटं उशिरा येतो, बाकीच्यांना चाळीस मिनिटांनी फरक पडत नसेल पण माझ्या डोक्यात तेवढ्यात एक वकील उभा राहतो की आता वेळ गेली, आता काय जेवायचं, राहू दे. पाऊस काकांच्या हातात नाही हे मान्य, तरी निघताना एक मेसेज टाकला तर बरं होईल.

दुसरं, नवरात्रात त्यांनी "लाईट डबा" सुरू केला. वजन उतरवणाऱ्यांसाठी, पोळ्यांऐवजी एकच भाकरी, भात नाही, सॅलड जास्त, आणि काकांनी मला फ्लॅटच्या दारात त्याचा कागद दिला. धंदा आहे, लोक मागतात, कळतं मला. पण तो कागद चार दिवस माझ्या पाकिटात होता. चार दिवस मी तो नंबर लावणार होतो आणि लावला नाही, आणि पाचव्या दिवशी थेरपीत बाहेर काढून टेबलावर ठेवला.

तिसरं सगळ्यात अवघड, आणि याचा दोष मी काकांना देऊ शकत नाही. पाचव्या महिन्यात एका रात्री काका डबा देताना हसून म्हणाले, "काय साहेब, तब्येत सुधारली की!" मराठीत या वाक्याइतकं वाईट वाक्य नाही. म्हणजे बघा ना, आपल्याकडे तब्येत म्हणजे आरोग्य पण आणि तब्येत म्हणजे चरबी पण, तब्येतीत आहे म्हटलं की जाडा असं कोणालाही कळतं, आणि बोलणारा मात्र मनापासून कौतुक करत असतो. वाळलास म्हटलं असतं तर मी त्या रात्री शांत झोपलो असतो, इतकं ते डोकं उलटं चालतं. दार लावलं, डबा चपलांच्या स्टँडवर ठेवला आणि बाथरूमच्या आरशासमोर अर्धा तास. प्लॅनमध्ये नियम आहे की एक जेवण चुकलं तर त्याची भरपाई करायची नाही, शिक्षा पण करायची नाही, पुढचं वेळेवर खायचं. मी भावाला मेसेज केला, "काका तब्येत म्हणाले." त्याने फोन केला आणि स्पीकरवर स्वतःचं जेवण सुरू ठेवलं, क्रिकेटचं काहीतरी बोलत राहिला. पावणेअकराला मी गार वरणभात खाल्ला. पोळ्या नाही खाल्ल्या. कुत्र्यालाही नाही दिल्या, सकाळी दुधात कुस्करून संपवल्या, का ते माहिती नाही, वाया घालवायच्या नाहीत एवढंच वाटलं.

काकांना मी नंतर सांगितलं की असं नका बोलत जाऊ. ते ओशाळले, म्हणाले चांगल्याच अर्थाने बोललो होतो. आता ते हवामानावर बोलतात. रोज. "आज गरम आहे." "आज ढग आहेत." मला हा माणूस फार आवडतो.

बाकी आवर्जून सांगण्यासारखं: शेपूची भाजी, जी मी लहानपणी हात लावायचो नाही, ती त्यांच्याकडे मूगडाळ घालून इतकी चांगली असते की मी वाट बघतो. आठव्या महिन्यात एका रविवारी फीस्टला पुरणपोळी होती आणि बरोबर तुपाची छोटी डबी. तूप हे माझ्या भीतीच्या यादीत सगळ्यात वर होतं. अर्धी डबी घातली. छान लागलं असं लिहिणार होतो पण खोटं होईल, चव कळण्याइतकं डोकं जागेवर नव्हतं, हात थरथरत होता. पुढच्या वेळी कळली चव. बरं लागतं तूप.

हे सगळ्यांना लागू होईल असं नाही. ज्यांना समोर कोणीतरी बसून जेवायला लागतं त्यांना एकट्याने डबा खाणं जड जाईल, मलाही सुरुवातीचे दोन महिने दुपारी भावाला व्हिडिओ कॉल लावूनच जेवावं लागलं. आणि डबा म्हणजे ट्रीटमेंट नाही, ती वेगळी चालू आहे आणि डब्यापेक्षा पुष्कळ महाग आहे.

दिवाळीत धनत्रयोदशी ते भाऊबीज डबा बंद असतो, नवीन लोकांनी लक्षात ठेवा. मी कराडला चाललोय. मॅडमनी फराळासकट सगळं एका कागदावर लिहून दिलंय, आणि आईने आत्याला आधीच फोन करून ठेवलाय की पोरगा आला की त्याच्या तब्येतीवर काही बोलायचं नाही. आत्या म्हणाली, मग बोलायचं काय?